अख्खं डुक्कर भाजण्याची मेजवानी : जावंसं वाटतं, पण घास गिळत नाही

ओलीवाट

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या सहा वर्षांत मी चार वेळा अख्खं डुक्कर भाजण्याच्या मेजवानीला गेले. ओळखीचं एक कुटुंब घरामागच्या मोकळ्या जागेत ती करतं. साठेक माणसं असतात, आग आदल्या रात्री पेटते आणि जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. पहिल्या तीन वेळा मी थेट जेवायलाच पोचले. तोवर मांस हाडांवरून सोडवून मोठाल्या ट्रेमध्ये भरलेलं असायचं. जेवले, मनापासून दाद दिली, घरी आले. चौथ्या वेळी, म्हणजे गेल्या महिन्यात, रात्री आगीजवळ जागायला माणूस कमी पडत होतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच गेले. तिथून सगळं बिघडलं. बिघडलं म्हणावं की नाही हेच कळत नाहीये, म्हणून हा धागा.

डुक्कर गाडीतून आलं. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, पोटात बर्फाच्या पिशव्या. साफ केलेलं वजन ४२ किलो. आम्ही चौघांनी उचललं. माझ्या वाट्याला पुढचा एक पाय आला. हाताला गार आणि ओला लागला, आणि चालता चालता खुराच्या वरचा सांधा माझ्या मुठीत जरासा वाकला. एवढंच झालं. पण झोपलेल्या मुलाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्याचं मनगट जसं हातात वाकतं, तसं ते होतं. टेबलावर ठेवलं तेव्हा पाठीवर तपासणीचा जांभळा शिक्का दिसला. पापण्यांचे केस तसेच होते. पांढरे.

मग यजमानबाईंनी फॉइलचा रोल आणला आणि दोन्ही कान एकेक करून गुंडाळले. नंतर शेपटी, मग पायांची टोकं. पातळ भाग आधी जळतात, म्हणून झाकायचे. कारण इतकं साधं आहे. पण त्या कानाच्या टोकापर्यंत कागद नीट दुमडत होत्या, आणि मला थंडीत लहान मुलाच्या कानांवरून टोपी ओढणारी बाई दिसत होती. त्यांची सात वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून खूर मोजत होती. "चार बोटं आहेत, पण दोनच जमिनीला लागतात," असं तिने सांगितलं. मी इतकी वर्षं हे मांस खाते आणि डुकराच्या पायाला किती बोटं असतात हे मला ठाऊक नव्हतं.

अकराला आगीवर चढवलं. दोन ते चार माझी पाळी होती. सगळे झोपले होते. दर वीस मिनिटांनी निखारे फावड्याने खांद्याखाली आणि मांड्यांखाली सारायचे, मधल्या भागाखाली कमी ठेवायचे, एवढंच काम. चरबीचा थेंब पडला की चर्र आवाज यायचा आणि वास उठायचा. त्या वासाने मला भूक लागली. जडसर, खरी भूक. समोर तेच शरीर, तेच गुंडाळलेले कान, आणि तोंडाला पाणी सुटलेलं. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि एकामुळे दुसरं जराही कमी होत नव्हतं. मला हेच सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी ताट घेतलं. चार घास खाल्ले. चव आजवरची सगळ्यात उत्तम. पाचवा घास उतरेना. ताट तसंच घेऊन बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी एका मुलाला देऊन टाकलं.

आता खरी गोष्ट. त्यानंतर तीनच दिवसांनी मी फ्रीजमधून पोर्क चॉपचं पाकीट काढलं, तव्यावर टाकलं, फोनवर बोलत बोलत परतलं आणि जेवले. मनात काहीही आलं नाही. ताट घासताना एकदम आठवलं, आणि स्वतःचा इतका राग आला की मी नळ बंद करून खाली बसले. ज्याच्यासाठी रात्री जागले, ज्याचं वजन हाताने तोललं, ते मला गिळवलं नाही; आणि ज्याचं काहीच माहीत नाही ते न बघता संपवलं.

तुमच्यापैकी कोणी अशा मेजवानीला गेलं असेल, भाजलं असेल, नकार दिला असेल, तर लिहा. मांसाहार चांगला की वाईट हा वाद इथे नको. त्यावर पुष्कळ धागे आहेत.

---

निखारा

मी एकवीस वर्षं अख्खी डुकरं भाजतोय. तुमचं लिखाण दोनदा वाचलं.

आधी रात्र का लागते ते सांगतो, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे. डुकराचं मांस खायला सुरक्षित व्हायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं विसावा, असं प्रमाण ठरवलं. पण त्या तापमानाला खांदा चामड्यासारखा चिवट असतो. जो स्नायू जन्मभर अंगाचा भार वाहतो त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, जास्त असतं. ते सत्तरच्या पुढे सावकाश विरघळू लागतं, आणि मांस बोटांनी सुटायला खांद्याच्या आत नव्वदच्या आसपास जावं लागतं. बाहेरची धग मात्र ११०-१२० अंशांवरच धरायची, नाहीतर कमरेचा भाग कोरडा पडतो आणि कातडी जळते. मध्ये एक टप्पा असा येतो की आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी अडतं आणि तासन् तास हलत नाही. मांसातून सुटणारं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून. नवीन माणूस तिथे घाबरतो आणि आग वाढवतो. तिथेच थांबायचं असतं.

म्हणजे हे काम घाईने होतच नाही. ज्याच्याजवळ रात्रभर बसलात त्याच्याविषयी काहीतरी वाटणारच. मला एकवीस वर्षांनंतरही वाटतं. न वाटणारा माणूस मी आगीजवळ ठेवत नाही.

माझे दोन नियम आहेत. डुकराच्या डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी, तोंडात सिगारेट असले प्रकार करून फोटो काढू देत नाही. एकदा एका पाहुण्याने केलं, तर मी सगळ्यांसमोर ते काढायला लावलं. तो नाराज झाला, परत आला नाही. दुसरा, काही टाकायचं नाही. माणशी साधारण अर्धा ते पाऊण किलो साफ केलेलं वजन धरतात, त्यातलं हाडं, कातडी आणि वितळलेली चरबी जाऊन निम्म्याहून कमी ताटात येतं. लोक नेहमी मोठं डुक्कर मागवतात आणि संध्याकाळी ट्रेच्या ट्रे कचऱ्यात जातात. मला तो खरा अपमान वाटतो.

---

शेवरी

ओलीवाट, छान लिहिलंयस. मी मांस खात नाही, लहानपणापासून नाही. तरी गेली आठ वर्षं माझ्या जोडीदाराच्या माणसांकडे अशा मेजवानीला जाते. पहिल्या वर्षी घरात बसून राहिले होते. खिडकीतून बघत होते आणि मनात सगळ्यांना नावं ठेवत होते. दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, खाऊ नकोस, पण बाहेर येऊन बस, आग सगळ्यांची आहे. तेव्हापासून मी लाकडं आणि निखाऱ्यांचं काम घेते.

मला कोणी आजवर विचारलेलं नाही की खात नाहीस मग आलीस कशाला. उलट आगीजवळची म्हातारी मंडळी माझ्याशीच जास्त बोलतात, कारण मी ताट घेऊन उठून जात नाही.

तुला पाचवा घास उतरला नाही यात काही चूक वाटत नाही मला. शरीराने सांगितलं, तू ऐकलंस.

---

तळटीप

ओलीवाटने चॉपचं जे लिहिलंय, नेमकी तीच गोष्ट प्रयोगात तपासलेली आहे. ओस्लो विद्यापीठातले योनास कुन्स्ट आणि सिग्रिड होले यांनी २०१६ मध्ये 'ॲपेटाइट' या नियतकालिकात ती मांडली. एका प्रयोगात लोकांना भाजलेल्या अख्ख्या डुकराचं चित्र दाखवलं. काहींना डोक्यासकट, काहींना डोकं काढलेलं. डोकं असलेलं पाहणाऱ्यांना जास्त कणव वाटली, जास्त किळसही वाटली, आणि खाण्याची इच्छा कमी झाली. बाकी सगळं तेच होतं, फरक फक्त डोक्याचा. त्याच अभ्यासात 'पोर्क'ऐवजी 'डुक्कर' असं नुसतं नाव बदललं तरी फरक पडत होता.

याच कोड्याला 'मीट पॅराडॉक्स' म्हणतात : प्राण्यांना त्रास होऊ नये असं मनापासून वाटणारी माणसं मांसही आवडीने खातात, आणि दोन्ही एकत्र टिकावं म्हणून मधला दुवा नजरेआड ठेवतात. म्हणजे पाकीट हे नुसतं वेष्टन नाही, ते त्या दुव्यावर टाकलेलं पांघरूण आहे.

आपल्या भाषेतही बघा. 'डुक्कर खाल्लं' असं आपण सहज म्हणत नाही. 'पोर्क खाल्लं' म्हणतो. ओलीवाटनेही आगीवर 'डुक्कर' लिहिलं आणि तव्यावर 'पोर्क चॉप'. टोमणा मारत नाहीये. मीही तसंच लिहिलं असतं.

---

ओलीवाट

तळटीप, हे वाचून वर जाऊन माझाच मजकूर पुन्हा पाहिला. खरंच. लिहिताना अजिबात लक्षात आलं नव्हतं.

निखारा, ट्रे कचऱ्यात जाण्याचं वाचलं आणि आठवलं. आमच्याकडेही संध्याकाळी दोन ट्रे उरले होते. त्यांचं पुढे काय झालं हे मी विचारलंच नाही.

---

कंदील

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते कदाचित कडू लागेल.

वर सगळे कान, पापण्या, रात्र, आदर यांवर बोलतायत. जे डोळ्यांसमोर आलं त्याची दया आली, ठीक आहे, माणूस असाच आहे. पण त्या डुकराच्या वाट्याला जे दुःख आलं असेल, ते आगीवर चढण्याच्या आधी येऊन गेलं होतं. आगीवर त्याला काहीच कळत नव्हतं. त्याची आई कुठे होती? मोठ्या पशुपालनात गाभण मादीला जवळजवळ साठ सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर लांब पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धत आहे. तिला तिथे वळता येत नाही. ब्रिटनने हे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले. युरोपीय संघाने २०१३ पासून गाभणपणाच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर मनाई केली. कॅलिफोर्नियात २०१८ च्या सार्वमतात 'प्रपोझिशन १२' मंजूर झालं. अशा पिंजऱ्यांतून येणारं मांस तिथे विकताच येणार नाही असा तो कायदा होता, आणि उत्पादक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२३ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. इतकी वर्षं लढावं लागलं ते कशासाठी? प्राण्याला जागेवर वळता यावं म्हणून.

आणि निखारा, तुमचा राग नाही, पण 'आदर' या शब्दाचा मला त्रास होतो. गॉगल घातला काय आणि नाही घातला काय, त्या डुकराला फरक पडत नाही. तो आदर आपल्या समाधानासाठी आहे. ओलीवाटने चार घास खाऊन ताट दिलं, त्यानेही डुकराला फरक पडला नाही. फरक पडतो तो विकत घेताना.

---

निखारा

कंदील, बरोबर आहे तुमचं. डुकराला फरक पडत नाही. मला पडतो. आणि माझ्यापुरतं सांगतो, गॉगल न घालू देणारा मीच पुढे 'हे आलं कुठून' असं विचारायला लागलो. पहिली नऊ वर्षं मी विचारलं नव्हतं. एका रात्री बसल्या बसल्या मनात आलं की आपण याच्या मरणानंतरची इतकी काळजी घेतो आणि जगण्याविषयी एक प्रश्न विचारलेला नाही. तेव्हापासून मी फक्त बाहेर मोकळ्यावर वाढवलेली घेतो, वाढवणाऱ्याला भेटून. महाग पडतात. म्हणून वर्षाला पाच-सहा व्हायची ती दोनवर आली.

आदर आधी आला की चौकशी आधी आली, हे प्रत्येकाचं वेगळं असेल. माझ्याबाबतीत आदर आधी आला, म्हणून मी तो शब्द सोडणार नाही.

---

माळरान

मी तीन वर्षं डुकरांच्या फार्मवर काम केलंय, म्हणून थोडं प्रत्यक्षातलं.

४२ किलो साफ केलेलं म्हणजे जिवंत वजन ५८-६० किलोच्या आसपास. म्हणजे वय साडेतीन-चार महिने. बाजारात नेहमी जाणारी डुकरं सहा महिन्यांची, ११० ते १३० किलोची असतात. सोडलं तर डुक्कर पंधरा-वीस वर्षं जगतं. भाजायला लहान घेतात कारण मोठं नीट शिजवणं अवघड, आणि बहुतेकांची जाळीही तेवढी मोठी नसते.

लोकांना डुक्कर घाणेरडं वाटतं. जागा दिली तर ते झोपायची आणि घाण करायची जागा कटाक्षाने वेगळी ठेवतं. चिखलात लोळतं कारण त्याला घामाने अंग गार करता येत नाही. पण माझ्या मनात जे राहिलंय ते दुसरंच. विण्याच्या आदल्या दिवशी मादी घरटं करते. जमीन उकरते, तोंडात गवत, काड्या, जे मिळेल ते आणते, खळगा करते, रचते, मोडते, पुन्हा रचते. माझ्या फार्मवर बाहेरच्या माद्यांना पेंढा मिळायचा. आत काँक्रीटवर ज्या होत्या त्या रिकाम्या फरशीवर तेच करायच्या. नाकाने फरशी उकरायच्या, नसलेलं गवत तोंडात धरल्यासारखं डोकं हलवायच्या. तासन् तास. ते बघून मी काम सोडलं. मारण्यामुळे नाही सोडलं, त्या उकरण्यामुळे.

हुशारीचं विचाराल तर २००९ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी आठ डुकरांना आरशाशी ओळख करून दिली आणि मग अन्न आडोशामागे अशा जागी ठेवलं की ते फक्त आरशात दिसेल. सात जणांनी आरशामागे न जाता सरासरी २३ सेकंदांत खरी जागा गाठली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका कामात चार डुकरं नाकाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका लक्ष्यावर नेत होती.

मी अजूनही डुक्कर खातो. दूधपितं पिल्लू खात नाही, आणि फरशीवरच्या मादीचं खात नाही. कुणी याला विसंगती म्हणेल. म्हणू दे.

---

नवखा

मी वाचनमात्र असतो, पण हा धागा वाचून लिहितोय. पुढच्या महिन्यात मला पहिल्यांदाच अशा मेजवानीचं आमंत्रण आहे. साहेबांच्या घरी. मी इतर मांस खातो, पण अख्खा प्राणी समोर बघून खाता येईल असं वाटत नाही. नाही म्हणायचं कसं? आणि अजून एक, माझ्यासोबत येणारा एक मित्र धर्मामुळे डुक्कर खात नाही. त्याने काय करावं?

---

शेवरी

नवखा, आदल्या आठवड्यातच यजमानांना सांगा. ताटं भरायला सुरुवात झाल्यावर सांगू नका, तेव्हा त्यांना वाईट वाटतं आणि धावपळ होते. "मी येतोय, पण डुक्कर खाणार नाही, दुसरं असेल ते खाईन" एवढं पुरे. कारण देत बसू नका. कारण दिलं की लोक ते खोडायला बसतात. आणि काहीतरी काम मागून घ्या.

मित्रासाठी मात्र नीट विचारा. बाजूच्या भाज्या, बीन्स यांत तीच चरबी घातलेली असते, त्याच जाळीवर बटाटे भाजतात, एकच चिमटा सगळीकडे फिरतो. त्याचं अन्न वेगळ्या भांड्यात, वेगळ्या आगीवर हवं. घरून नेलं तर उत्तमच.

---

निखारा

अनुमोदन. यजमान म्हणून सांगतो, आधी सांगणारा पाहुणा कधीच जड होत नाही.

---

दीपमाळ

मी कामानिमित्त दोन वर्षं फिलिपिन्समध्ये, सेबूला होते. तिथलं लेचॉन म्हणजे पोटात गवती चहा, पातीचा कांदा, लसूण भरून, बांबूवर ओवून, कोळशावर हाताने फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर. लग्न, बारसं, गावचा उत्सव, काहीही असो, ते मधोमध ठेवलेलं असतं, तोंडासकट. कुणी नजर चुकवत नाही. लहान मुलं कातडीचा कुरकुरीत तुकडा मिळावा म्हणून डोक्याजवळच उभी असतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी व्हिनेगरमध्ये शिजवतात, त्याला पाक्सिव म्हणतात. सोहळ्याची सवय असलेल्या घरात प्राण्याचं तोंड बघून कुणाचा घास अडत नाही.

आणि याच्या उलट हवाई. तिथे जमिनीत खड्डा करून, तापलेले दगड टाकून, टी नावाच्या झाडाच्या आणि केळीच्या पानांत झाकून डुक्कर पुरतात. त्या भट्टीला इमू म्हणतात. सगळा वेळ वर फक्त मातीचा उंचवटा आणि वाफ. बाहेर काढतात तेव्हा ते इतकं मऊ झालेलं असतं की आकार उरत नाही.

दोन्हीकडे जेवलेय. हवाईत मला कसला विचारच पडला नाही. सेबूला पहिले सहा महिने पडायचा, नंतर पडेनासा झाला. तो का थांबला हे मला आज इथे वाचताना पहिल्यांदा टोचतंय.

---

कंदील

दीपमाळ, शेवटची ओळ फार प्रामाणिक आहे.

माळरान, फरशीवर घरटं करणाऱ्या मादीचं वाचून मी लॅपटॉप मिटून बाहेर जाऊन आलो. वर 'कडू लागेल' म्हणालो होतो, पण आकडे आणि कायदे लिहिताना मी स्वतः इतकं जवळून काही पाहिलेलं नाही. तुम्ही पाहून लिहिलंत. आभार.

---

ओलीवाट

सगळं वाचतेय. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मध्ये एक फोन करायचा होता.

यजमानांना विचारलं, गेल्या महिन्यातलं डुक्कर कुठून आलं होतं? त्यांना माहीत नव्हतं. एका पुरवठादाराकडे वजन सांगायचं आणि गाडी घेऊन जायचं, एवढंच. त्यांनी पुरवठादाराला विचारलं, त्यालाही फक्त कत्तलखान्याचं नाव सांगता आलं. म्हणजे ज्याचा पाय माझ्या हातात वाकला त्याच्याविषयी मला माझ्या चॉपइतकंच माहीत होतं. मी समजत होते की मेजवानी म्हणजे खरं आणि पाकीट म्हणजे लपवलेलं. कंदील म्हणतात ते पटतंय. तोंड दिसलं म्हणून मला सगळं दिसलं असं नव्हतं.

त्या उरलेल्या दोन ट्रेंचंही विचारलं. टाकून दिले होते.

दुसरं म्हणजे त्यांच्या भावाच्या लग्नाचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे आणि पुन्हा भाजायचं ठरलंय, या वेळी पंचवीसच माणसं. मी म्हटलं, मला एक वाढवणारा शोधू दे. यजमान थोडे गप्प झाले. मग म्हणाले, शोध, पण मलाही घेऊन चल.

---

माळरान

जाणार असाल तर या गोष्टी बघा : पेंढा आहे का आणि तो ओला-कुजका आहे की कोरडा. शेपट्या शाबूत आहेत का. कोंडलेली, कंटाळलेली डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून दाटीच्या ठिकाणी त्या लहानपणीच कापून टाकतात. तुम्ही आत गेल्यावर ती पळतात आणि मग परत येऊन हुंगतात का. नुसती पळून कोपऱ्यात दाटली तर माणसाशी त्यांचा अनुभव चांगला नाही. आणि माद्या कुठे ठेवल्यात ते दाखवा म्हणा. तो प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा.

---

नवखा

सर्वांचे आभार. आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले ये, आग सांभाळायला माणूस हवाच आहे.

---

ओलीवाट

तीन आठवड्यांनी येतेय.

गेलो होतो आम्ही. दीड तासावर. चौदा डुकरं होती, झाडांखाली, शेपट्या गुंडाळलेल्या आणि शाबूत. आधी पळाली आणि मग परत आली, माळरान, अगदी तुम्ही सांगितलं तसं. एकाने माझ्या बुटाची नाडी तोंडात धरून ओढली आणि सुटल्यावर पुन्हा धरली. माद्या कुठे आहेत असं विचारल्यावर वाढवणाऱ्या बाईने काही न बोलता पुढे चालायला सुरुवात केली. एक मादी पेंढ्यात पिल्लांसकट आडवी पडली होती. यजमान कुंपणाला टेकून कितीतरी वेळ उभे होते. त्यांनी अकरा वर्षं डुकरं भाजलीत आणि जिवंत डुक्कर इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं, असं परतीच्या वाटेवर म्हणाले.

डुकरांच्या कानांच्या कडांना लहान लहान खाचा होत्या. बाईने सांगितलं की उजव्या कानावर वेताचा क्रमांक आणि डाव्या कानावर त्या वेतातल्या पिल्लाचा. खाच कुठे आहे त्यावरून आकडा वाचायचा. पिल्लू अगदी लहान असताना कापतात. दुखतं का विचारलं. "हो, दुखतं," म्हणाली. मला ते खोटं न सांगणं बरं वाटलं, तरी कान बघवेनात.

शुक्रवारी रात्री फॉइल मी मागून घेतलं. २२ किलोचं होतं, दोघांनीच उचललं. उजवा कान गुंडाळला. डावा हातात घेतला तेव्हा खाचा दिसल्या, दोन. बाईने शिकवलेलं सगळं आठवेना, आकडा लागेना. मोजल्या, बोट फिरवलं आणि कागद टोकापर्यंत दुमडला. यजमानांची मुलगी शेजारीच होती. या वेळी तिने खूर मोजले नाहीत. हे कुठलं, असं विचारलं, आणि तिच्या वडिलांनी तिला झाडं, पेंढा, सगळं सांगितलं.

पोर्कचं पाकीट त्या दिवसानंतर घरात आणलेलं नाही. पुढचं माहीत नाही.

---

शेवरी

आणि जेवलीस?

---

ओलीवाट

हो. गालाचं आणि थोडं खांद्याचं, एक ताट. बसून, सावकाश. मध्ये एकदा थांबावं लागलं. ट्रे एकही उरला नाही. हाडं मी मागून आणलीत, सकाळपासून मोठ्या पातेल्यात मंद गॅसवर आहेत.